फवारणीचं सेफ्टी किट, अख्खा सीझन वापरून लिहितेय (५ पैकी ३ स्टार)

किट मागवायच्या आधी मी सगळे रिव्ह्यू वाचून काढले होते आणि ते सगळे पहिल्या दिवशीचेच होते, पॅकिंग छान, डिलिव्हरी वेळेत, क्वालिटी सुपर. पॅकिंगचं काय लोणचं घालायचंय? म्हणून मुद्दाम थांबले. अख्खा सीझन किट वापरलं, धुतलं, काही फाटलं, मधे एकदा दवाखाना पण झाला (ते पुढे सांगते) आणि आता लिहायला बसलेय. लांबणार आहे. घाई असेल त्यांनी एवढंच वाचा, हातमोजे एक नंबर, एप्रन चांगला पण भलत्याच माणसासाठी, मास्क बाद, बुटांची कव्हरं सरळ फेकून द्या.

आधी आमच्याकडची कामाची वाटणी सांगते, नाहीतर माझी तक्रार काय आहे ते कळणार नाही. पंप पाठीवर घेऊन फवारतात आमचे हे. बाटली उघडणं, औषध मोजणं, पाण्यात कालवणं, टाकी भरून देणं हे माझं काम, आणि संध्याकाळी ते कपडे धुणं पण माझंच. आता किटच्या खोक्यावर फोटो कुणाचा, तर पाठीवर पंप घेतलेल्या बाप्याचा. आत हातमोज्यांचा जोड एकच. जरा हिशोब करा, लिटरला दोन मिली असं प्रमाण धरलं तर फवाऱ्यातून जे उडतं ते पाचशे पट पातळ झालेलं असतं आणि माझ्या हातात असते ती बिनपाण्याची बाटली, म्हणजे माझ्या बोटावर ओघळलेल्या एका थेंबात जेवढं विष तेवढं त्यांच्या अंगावर पाचशे थेंब पडले की होणार. तरी पहिले आठ दिवस आम्ही काय केलं? हातमोजे त्यांनी घातले आणि मी आपली उघड्या हाताने काठीने ढवळत बसले. फवारणारा तोच धोक्यात असं डोक्यात इतकं बसलंय ना.

त्याचं फळ मला लगेच मिळालं. त्या आठवड्यात पायरेथ्रॉइड गटातलं औषध होतं. संध्याकाळी बोटं आणि एक गाल चुरचुरायला लागला, मुंग्या चालल्यासारखं, मग आग, पण बघितलं तर लाल नाही की पुरळ नाही काहीच नाही. गरम पाण्याने तोंड धुतलं तर अजूनच भडकलं. सासूबाई म्हणाल्या काहीतरी चावलं असेल. नंतर कळलं की हे त्या गटाचं ठरलेलं लक्षण आहे, ते औषध नसांमधले सोडियमचे मार्ग नको तेवढा वेळ उघडे ठेवतं, किड्याचं काम त्यानेच तमाम होतं आणि आपल्या त्वचेतल्या नसा पण त्यानेच चाळवतात. उन्हाने, घामाने, गरम पाण्याने वाढतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत गेलं. गालावर पोचलं कसं, तर मीच मनगटाने घाम पुसला होता. तेव्हा मी माझ्यासाठी हातमोज्यांचा दुसरा जोड मागवला, ते सुटे मिळतात ही एक चांगली गोष्ट, आणि छोट्या साइझमध्ये पण मिळतात ही दुसरी.

तर हातमोजे. नायट्राइलचे (एक प्रकारचं कृत्रिम रबर) आहेत, हिरवे, कोपराच्या थोडं खालपर्यंत येतात, पाकिटावर जाडी ०.३८ मिलीमीटर लिहिलीय आणि हाताला लागते पण तेवढी. आत कापडाचं अस्तर नाही, याला कुणीतरी एक स्टार कापलेला बघितला मी, घाम येतो म्हणून. अहो अस्तर नाही हेच तर चांगलंय, अस्तरात एकदा औषध मुरलं की ते धुऊन निघत नाही, मग तुम्ही रोज विषात भिजलेलं कापड हाताला गुंडाळून फिरणार. चामड्याचे आणि सुती मोजे याच कारणाने बाद. दवाखान्यातले ते पातळ पांढरे रबरी मोजे तर विसराच, बऱ्याच औषधात तेलासारखं सॉल्व्हंट असतं आणि ते पातळ लॅटेक्समधून आरपार येतं. रोज घालायच्या आधी मोज्यात फुंकर मारून नाही (तोंड लावू नका त्याला!) तर पाणी भरून बघायचं, कुठे ठिबकतंय का. सीझनमध्ये माझा एक मोजा अंगठ्याजवळ गेला, ह्यांचे अजून ठीक आहेत. काढताना आधी मोजे हातात असतानाच साबणाने धुवायचे आणि मग काढायचे, उलटं केलं की सगळी मेहनत पाण्यात.

अजून एक बारकी गोष्ट जी कुठेच लिहिलेली नाही आणि आम्हाला चुकून चुकून कळली. खाली वाकून फवारत असाल तर शर्टाची बाही मोज्याच्या वर, म्हणजे ओघळ मोज्यात शिरत नाही. डोक्याच्या वर हात करून फवारत असाल तर बाही मोज्याच्या आत आणि मोज्याची कड बाहेर दुमडून, नाहीतर लान्सवरून (फवारायच्या लांब नळीवरून) येणारा ओघळ थेट काखेत. काख का म्हणून विचाराल तर ऐका. १९७१ मध्ये हॉवर्ड मायबाख आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी माणसांवर मोजून बघितलं होतं की पॅराथिऑन नावाचं कीटकनाशक कुठल्या त्वचेतून किती आत जातं. हाताच्या पुढच्या भागाला एक धरलं तर तळहात १.३, पोट २.१, कपाळ ४.२, काख ७.४ आणि पुरुषांच्या अंडकोषाची त्वचा ११.८. हो, जवळजवळ बारा पट. ह्यांना हे वाचून दाखवलं तेव्हापासून पंपाचं झाकण घट्ट आहे का ते दोनदा बघायला लागले, त्याआधी माझ्या सांगण्याला काही किंमत नव्हती. आणि बाप्यांनो, मोजे घातलेल्या हाताने आडोशाला जाऊ नका, आणि मोजे काढून हात न धुता पण जाऊ नका, बस एवढंच सांगते यावर.

मास्कवर मी सगळ्यात जास्त चिडलेय. खोक्यावर मोठ्या अक्षरात स्प्रे मास्क. आत काय, तर धूळ अडवणारा साधा कपासारखा मास्क, वर दोन रबरं. हा मास्क बारीक कण आणि थोडेफार तुषार अडवेल, पण औषधाची वाफ अडवायला कोळशाचं कार्ट्रिज लागतं, सेंद्रिय वाफेचं म्हणून वेगळं मिळतं, आणि ते रबरी मास्कला लावायचं असतं. मास्क घालून औषधाचा वास येतोय म्हणजे एकतर तो चेहऱ्याला नीट बसला नाही किंवा कार्ट्रिज संपलं किंवा मुळात कार्ट्रिजच नाही, आमच्याकडे तिसरं. शिवाय ह्यांची दाढी, दाढीवर कुठलाच मास्क नीट बसत नाही, बाजूने हवा शिरते. काहीच नाही त्यापेक्षा बरं असं विक्रेता म्हणेल, मी म्हणते काहीच नसतं तर माणूस निदान वाऱ्याची दिशा बघून उभा राहिला असता. मास्क लावला की उगाच धीर येतो. आणि साठवणीच्या धान्यात ठेवायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या हाताळायला कुणी हा मास्क वापरत असेल तर हात जोडते, नका. ओल लागली की त्यातून फॉस्फीन वायू निघतो, त्याला हा मास्क म्हणजे जाळीने पाणी अडवण्यासारखं, आणि त्या विषावर उतारा नाही.

खरं तर उघड्यावर फवारताना नाकापेक्षा कातडीतूनच जास्त आत जातं. पण किट बनवणाऱ्याचं सगळं लक्ष तोंडावर. मास्क, गॉगल, टोपी, सगळं फोटोत दिसणारं. गॉगल बरा आहे, बाजूने बंद आहे आणि हवेची भोकं सरळ नाहीत वळणाची आहेत, म्हणजे उडालेला थेंब आत येत नाही. वाफ धरते हे खरं, सकाळी लवकर काम केलं तर कमी धरते. टोपी ठीक.

बुटांची कव्हरं दुसऱ्या दिवशी फाटली, चिखलात घसरतात वर. साधे रबरी गमबूट घ्या, पॅन्ट बुटाच्या बाहेर सोडा. आत खोचली की पायावरून ओघळलेलं सगळं बुटात साठतं आणि पाय दिवसभर त्यात.

आता एप्रन. जाड, रबरी थर दिलेला, गळ्यापासून गुडघ्याखाली. पण तो फक्त पुढून आहे, पाठ उघडी. पंप कुठे असतो? पाठीवर. गळतो कुठे? पाठीवर. हे डिझाइन ज्याने केलं त्याने आयुष्यात पंप उचललेला नाही. कालवायला बसणाऱ्या माणसाला मात्र हा एप्रन एकदम योग्य, कारण तिथे शिंतोडे समोरूनच येतात, म्हणून तो आता माझा झालाय. फवारणाऱ्याला सगळं अंग झाकणारा डगला हवा, किंवा निदान लांब बाह्यांचा घट्ट विणीचा शर्ट, आणि त्याच्यावर पंपाखाली पाठीला प्लास्टिकचा तुकडा.

आमचा दवाखाना याच्यामुळेच झाला. झाकणाचा वॉशर गेला होता, पाठ भिजत होती. मी म्हटलं, "अहो पाठ ओली झालीय." "पाणीच आहे गं, एवढे दोन पंप संपवून येतो." ते पाणी नव्हतं, ऑर्गनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक होतं. दुपारी येऊन सावलीत बसले ते डोकं धरूनच. घाम, मळमळ, पोटात कळा. घरात सगळ्यांचं एकमत, ऊन लागलं, पाणी द्या आणि झोपवा. मला पण तसंच वाटलं असतं पण तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यातून पाणी, आणि सावलीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. ऊन लागलेल्याचं तोंड कोरडं पडतं, थुंकी येत नाही, नाडी पळते. इथे सगळं ओलं. घाम आणि डोकेदुखी दोन्हीकडे सारखीच म्हणून फसायला होतं, हा ओलं की कोरडं आणि बाहुलीचा फरक तेवढा लक्षात ठेवा. हे होतं का, तर शरीरात अ‍ॅसिटिलकोलीन नावाचा निरोप्या असतो, काम झालं की एक एन्झाइम त्याला पुसून टाकतं, ही औषधं त्या एन्झाइमलाच कुलूप लावतात, मग निरोप थांबतच नाहीत, लाळ, घाम, लघवी, जुलाब सगळे नळ एकदम सुटतात आणि फुप्फुसात पण पाणी भरायला लागतं. माणूस जातो तो बहुतेक श्वासाने.

मी मोजे घातले, कपडे सगळे कापून काढले (डोक्यावरून ओढून काढू नका, तेच तोंडावर फिरतं), साबण आणि भरपूर पाण्याने पाठ, केस, नखं धुतली, आणि औषधाची रिकामी बाटली लेबलसकट पिशवीत बांधून सोबत घेतली. डॉक्टरांनी पहिलं काय मागितलं तर बाटली. अ‍ॅट्रोपीन सुरू केलं, मग प्रॅलिडॉक्सिम, दोन्ही या विषावरचे उतारे. अ‍ॅट्रोपीन किती द्यायचं ते छाती साफ झाली का यावर ठरवतात, बाहुली मोठी झाली का यावर नाही, हे तिथल्या सिस्टरने समजावलं कारण मी सारखी टॉर्च मारून डोळे बघत होते. दुसऱ्या दिवशी हे उठून बसले, घरी चला म्हणायला लागले, पण सोडलं नाही, कारण या विषात १ ते ४ दिवसांनी, सगळं ठीक वाटत असताना, मान उचलता येत नाही आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात असं होऊ शकतं. नाही झालं, पण ते चार दिवस मी त्यांना दर तासाला उशीवरून मान उचलायला लावत होते. वैतागले होते माझ्यावर.

आता तो कागद, ज्याच्यासाठी मी अख्खा एक स्टार कापलाय आणि दोन कापायला पाहिजे होता. किटमध्ये माहितीपत्रक येतं, त्यात प्रथमोपचार म्हणून लिहिलंय की विष पोटात गेल्यास मिठाचं पाणी पाजून उलटी काढावी. नाही, नाही, नाही. बऱ्याच औषधात पेट्रोलियमचं सॉल्व्हंट असतं, उलटी होताना ते फुप्फुसात गेलं तर तिथे वेगळीच आग, माणूस गुंगीत असेल किंवा झटके येत असतील तर गुदमरतो, आणि मिठाचं घट्ट पाणी स्वतःच जीव घेऊ शकतं. पोटात गेलं असेल तर काही पाजत बसायचं नाही, बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवायचं, बाटली घ्यायची आणि निघायचं. डोळ्यात गेलं तर लगेच साध्या वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, दोन मिनिटात माणसाला वाटतं झालं.

त्याच कागदावर एक तक्ता पण आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीचा, तो बरोबर आहे पण अर्धवट. वर्ग ठरतात ते मुख्यतः उंदरांना किती मात्रेने मारतं यावर, एक-अ म्हणजे तोंडावाटे किलोला ५ मिलीग्रॅमच्या आतलं, एक-ब ५ ते ५०, दोन ५० ते २०००. आता पॅराक्वाट हे तणनाशक त्यात दोन नंबरला बसतं, म्हणजे वाचणाऱ्याला वाटेल मध्यम आहे, चालतंय की. त्याचा एखादा घोट माणसाला पुरतो, फुप्फुसं कडक होत जातात आणि उतारा नाही, ऑक्सिजन सरसकट लावला तर उलट नुकसान वाढतं. म्हणून तक्ता बघून निर्धास्त होऊ नका, बाटलीवरचं लेबल वाचा, अक्षर बारीक असेल तर मोबाइलने फोटो काढून मोठं करून वाचा. मी तसंच करते आणि शेतात परत कधी जायचं तो अवधी लेबलवरून घेऊन बांधावरच्या फळ्यावर खडूने तारीख लिहिते.

किटमध्ये काय नाही ते पण सांगते. मोजायचं भांडं नाही, आणि बाटलीच्या झाकणाने अंदाजे ओतायची सवय तिथूनच लागते. आम्ही एक वेगळं मापाचं भांडं घेतलं, त्यावर लाल पट्टी मारली, ते घरात येत नाही. आधी अर्धी टाकी पाणी, मग औषध, मग उरलेलं पाणी, वाऱ्याकडे पाठ करून, आणि बाटली डोळ्यांच्या उंचीवर धरून कधीच नाही ओतायची. रिकामी झाली की पाव भाग पाणी घालून हलवायची आणि ते पाणी टाकीतच, असं तीन वेळा, मग बाटलीला भोक पाडायचं म्हणजे कुणी त्यात काही भरणार नाही. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकणारे अजून आहेत, त्यासाठी जुना टूथब्रश आणि पाणी, एवढी साधी वस्तू किटमध्ये टाकली असती तर काय बिघडलं असतं. उरलेलं औषध पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत काढून ठेवणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही, माझं तोंड सुटेल.

आणि कपडे. फवारणीचे कपडे मोजे घालूनच उचलायचे, घरच्या कपड्यात मिसळायचे नाहीत, आधी बाहेर पाण्याने खळबळून मग गरम पाणी आणि साबण दोनदा, मशीन असेल तर नंतर एकदा रिकामं फिरवायचं, आणि उन्हात वाळत घालायचे. बिनपाण्याचं औषध सांडून कपडा भिजला असेल तर धुऊ नका, टाकूनच द्या, ते निघत नाही. ही माहिती कागदावर एका ओळीत आहे, 'वापरानंतर कपडे धुवावेत'. कुणी, कसे, काय घालून, काही नाही. आपोआप धुतले जातात असं वाटत असेल त्यांना.

एकूण काय, घ्यायचं तर हातमोजे आणि गॉगल सुटे घ्या, एप्रन कालवणाऱ्यासाठी घ्या, मास्क वेगळ्या ठिकाणाहून कार्ट्रिजवाला घ्या, आणि अख्खं किट घेण्यात फायदा नाही. भर उन्हात रबराचे कपडे घालून फवारू नका, त्याने खरोखरच ऊन लागेल, सकाळी करा, पण अगदी वारं पडलेलं असताना पण नको, धूर जमिनीलगत तरंगत राहतोय असं दिसलं की तुषार पण तसाच तरंगत दूर जातो.

अपडेट: विक्रेत्याला मास्क आणि त्या मिठाच्या पाण्याबद्दल दोनदा लिहिलं. उत्तर आलं, असुविधेबद्दल क्षमस्व, आणि नवीन मास्क पाठवला, तोच, आणि त्याच्यासोबत तोच कागद. हातमोज्यांचे दोन्ही जोड आता खुंटीला आहेत, माझ्या जोडावर मी मार्करने नाव घातलंय कारण हे घाईत माझाच छोटा जोड ओढून ताणून घालायला बघतात.